स्नायू सैल करणारी गोळी: किती दिवस, कशी आणि कोणी घेऊ नये

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

मान आखडणे, कंबरेत उसण भरणे, पाठ धरणे या तक्रारींवर डॉक्टर बरेचदा वेदनाशामकासोबत स्नायू सैल करणारे औषध लिहून देतात. नाशिक आणि आसपासच्या वाचकांनी त्याबद्दल पाठवलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. ही उत्तरे वाचून कोणीही स्वतःहून गोळी सुरू करू नये. यातली बहुतेक औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची आहेत, आणि तसे का, ते पुढे येईलच.

प्रश्न: वय ३४, पिंपळगाव बसवंतजवळ घरची द्राक्षबाग आहे. विरळणीच्या दिवसांत सकाळपासून मान वर करून मांडवाखाली काम असतं. मागच्या हंगामात मान आखडली तेव्हा डॉक्टरांनी ॲसिक्लोफिनॅक (वेदनाशामक) आणि थायोकोल्चिकोसाइड (स्नायू सैल करणारं औषध) एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ पाच दिवस दिली होती. छान उतार पडला. आता मान धरली की त्याच चिठ्ठीचा मोबाइलमधला फोटो दाखवून मेडिकलमधून स्ट्रिप आणते. या वेळी तीन आठवडे झाले. गोळी सोडली की दुखतं. चालू ठेवू का?

उत्तर: नाही ताई, ती आजच थांबवा. एवढ्या दिवसांनंतरही ही गोळी हळूहळू कमी करत आणायची गरज नसते, एकदम बंद केलेली चालते.

डॉक्टरांनी पाच दिवस लिहिले ते मोजून लिहिले होते. मान किंवा कंबर लचकली की आजूबाजूचे स्नायू त्या भागाला जपण्यासाठी आवळून बसतात. आवळलेला स्नायू दुखतो, दुखतो म्हणून आणखी आवळतो आणि रात्रीची झोप जाते. या गोळ्या मेंदू आणि मज्जारज्जूच्या पातळीवर काम करून तो आवळ कमी करतात. दोन-तीन रात्री नीट झोप लागली, मान थोडी फिरू लागली, की गोळीचं काम संपलं. पुढची सुधारणा हालचालीने होते. तिसऱ्या आठवड्यातही दुखतंय याचा अर्थ मानेवरचा ताण रोज तसाच पडतोय, आणि त्यावर या गोळीकडे इलाज नाही.

आता तुमच्या गोळीतल्या दोन्ही औषधांचं वेगवेगळं बघू. युरोपीय औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये थायोकोल्चिकोसाइडवर बंधनं घातली. तोंडाने घ्यायची असेल तर दिवसाला जास्तीत जास्त १६ मिलिग्रॅम, तीही सलग सात दिवसांपर्यंत, आणि १६ वर्षांखालील कोणालाही नाही. हे औषध शरीरात मोडल्यावर जो एक घटक तयार होतो, त्यामुळे विभागणाऱ्या पेशींत गुणसूत्रांची संख्या बिघडू शकते, असं प्रयोगांत दिसलं. गर्भाला व्यंग येणं किंवा गर्भपात होणं हा त्यातला धोका. म्हणून गरोदरपणात, अंगावर पाजताना, आणि मूल होण्याच्या वयात खात्रीचं गर्भनिरोधन नसेल तर हे औषध घ्यायचं नाही. तुमचं वय ३४ आहे. पाळी चुकली असेल किंवा शंका असेल तर आधी तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना तीन आठवड्यांच्या गोळ्यांबद्दल न संकोचता सांगा. पुढच्या वेळी चिठ्ठी लिहितानाच ‘मला मूल होण्याची शक्यता आहे’ हे एक वाक्य बोला, म्हणजे डॉक्टर दुसरं औषध निवडतील.

ॲसिक्लोफिनॅक तीन आठवडे पोटात गेलं म्हणजे जठराच्या अस्तरावर, मूत्रपिंडावर आणि रक्तदाबावर ताण आला. छातीत-पोटात जळजळ, डांबरासारखी काळी शौचाला होणं, पायावर सूज, लघवी कमी होणं यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा. काही नसलं तरी रक्तदाब मोजून घ्या आणि मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन एकदा तपासा.

मानेचं म्हणाल तर मूळ कारण कामाच्या उंचीत आहे. घड डोक्याच्या वर आणि हात खांद्याच्या वर, अशा स्थितीत तासन् तास काढले की मानेच्या मागचे स्नायू सतत आवळलेले राहतात. पायाखाली न डगमगणारा, रुंद पायांचा ठेंगणा स्टँड घ्या. त्याची उंची अशी हवी की घड नाकासमोर येईल. प्लास्टिकचं क्रेट उलटं टाकून त्यावर उभं राहू नका, ते सटकतं. दर अर्ध्या तासाने कात्री खाली ठेवून हनुवटी आत ओढा, म्हणजे दुहेरी हनुवटी दिसेल अशी. पाच मोजेपर्यंत धरा आणि दहा वेळा करा. मग खांदे कानांपर्यंत उचलून सोडून द्या. दिवसातले दोन तास तरी खाली बसून करायचं काम घ्या, आणि वरचं काम कोणाशी तरी आलटून-पालटून करा. संध्याकाळी १५ ते २० मिनिटं शेक द्या. हात बधिर होत असेल, बोटांत मुंग्या येत असतील किंवा कात्री हातातून गळत असेल तर थेट अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

जाता जाता एक. थायोकोल्चिकोसाइड ज्या मूळ द्रव्यापासून बनवतात ते कळलावीच्या झाडातून मिळतं. पावसाळ्यात डोंगरउतारावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलं येणारी तीच कळलावी. तिचा कंद आणि बिया जहाल विषारी आहेत. ‘गोळी त्याचीच असते’ असं ऐकून कोणी कंद उगाळून लावू नये, पोटात तर मुळीच घेऊ नये.

प्रश्न: गोळीच्या नावापुढे एमआर, टीएच, एसपी अशी अक्षरं असतात. त्यावरून आत काय आहे ते कसं ओळखायचं? (इंदिरानगर)

उत्तर: अक्षरांवर भरवसा ठेवू नका. एका कंपनीचं ‘एमआर’ म्हणजे स्नायू सैल करणारं औषध मिसळलेली गोळी. दुसऱ्या एखाद्या गोळीवर तीच अक्षरं औषध हळूहळू सुटतं हे सांगायला लिहिलेली असतात. स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचा. चष्म्यानेही वाचता येत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा.

यादीत साधारण तीन गोष्टी सापडतील. एक वेदनाशामक: ॲसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम, डायक्लोफिनॅक ५० किंवा आयब्युप्रोफेन. दुसरं पॅरासिटामॉल, बहुधा ३२५ मिलिग्रॅम. तिसरं स्नायूंचं औषध: थायोकोल्चिकोसाइड ४ किंवा ८, टिझॅनिडिन २, क्लोरझॉक्साझोन २५० किंवा ५००, मेथोकार्बामॉल, इपेरिसोन, टॉल्पेरिसोन, सायक्लोबेंझाप्रिन यांपैकी एखादं.

घोळ होतो तो बेरजेत. संयुक्त गोळी दिवसातून दोनदा, म्हणजे पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम. अंग मोडून आलं म्हणून ६५० ची गोळी चारदा घेतली, ते झालं २६००. नाक गळतंय म्हणून सर्दीची गोळी दोनदा, तिच्यात प्रत्येकी ५००, म्हणजे आणखी १०००. एकूण ४२५० झालं. धडधाकट प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. वजन कमी असेल, रोज दारूची सवय असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा त्याहून बरीच खाली येते. यात कोणी आगाऊपणा केला असं नसतं, तिन्ही गोळ्या घरात होत्या एवढंच. वेदनाशामकाचंही तसंच. ॲसिक्लोफिनॅकची मर्यादा दिवसाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन संयुक्त गोळ्यांत ती भरली. वरून आयब्युप्रोफेन घेतलं तर वेदना फारशी कमी होत नाही, पोट मात्र बिघडतं.

डेंग्यूच्या दिवसांत तापासोबत अंग आणि पाठ दुखत असेल तर अशा संयुक्त गोळ्यांना हातच लावू नका. त्यातल्या वेदनाशामकाने रक्तस्रावाचा धोका वाढतो. निदान होईपर्यंत फक्त साधं पॅरासिटामॉल घ्या.

प्रश्न: अंबड एमआयडीसीत प्रेस मशीनवर आहे. तीन पाळ्या असतात. कंबर धरली म्हणून टिझॅनिडिन असलेली गोळी दिवसातून दोनदा दिली आहे. रजा शिल्लक नाही. कामावर असताना घेतली तर चालेल का?

उत्तर: प्रेससमोर उभं राहायचं असेल तर नाही. फोर्कलिफ्ट, उंचावरचं काम, भट्टी, आणि घरी जायची दुचाकी यांनाही हेच लागू. या औषधाने झापड येते, हात संथ होतात, तोंडाला कोरड पडते आणि रक्तदाब उतरतो. गंमत अशी की झापड आलेल्या माणसाला आपण ठीक आहोत असंच वाटत असतं.

टिझॅनिडिनचा जोर घेतल्यानंतर तासा-दोन तासांत सर्वांत जास्त असतो आणि तीन ते सहा तासांत बराच ओसरतो. पहिली गोळी घरी घ्या, शक्यतो सुट्टीच्या दिवशी किंवा पाळी संपवून घरी पोचल्यावर, झोपायच्या आधी. तुम्हाला किती गुंगी येते हे त्यावरून कळेल. रात्रपाळी असेल तर ‘रात्रीची गोळी’ याचा अर्थ तुमच्या झोपेआधीची गोळी. सकाळी साडेसातला घरी येऊन नाश्ता करून झोपणार असाल तर ती वेळ. दुसरी मात्रा कामाच्या तासांत येत असेल तर ती गाळून फक्त झोपेआधीची ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. बऱ्याच रुग्णांना तेवढं पुरतं, आणि दिवसा नुसतं वेदनाशामक किंवा पॅरासिटामॉल चालतं. रोज एकाच पद्धतीने घ्या. आज जेवून, उद्या उपाशीपोटी असं केलं की शरीरात शिरणाऱ्या औषधाचं प्रमाण बदलतं.

चिठ्ठीत टिझॅनिडिनऐवजी सायक्लोबेंझाप्रिन असेल तर जास्त जपा. ते शरीरातून सावकाश बाहेर पडतं. अर्धं औषध जायलाच सुमारे १८ तास लागतात. रात्री घेतलेल्या कॅप्सूलची झापड दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळू शकते.

रजेचं म्हणाल तर ईएसआय (कामगार विमा) लागू असेल तिथे डॉक्टरांकडून आठवडाभर हलक्या कामाचा दाखला मागा. औषधाने गुंगी येते हे त्यात लिहून घ्या. सुपरवायझरला सांगायला संकोच वाटतो हे खरं आहे, पण प्रेसखाली बोट गेलं तर ते परत येत नाही.

आणखी एक गोष्ट पाळा. झोपेतून उठताना ताडकन उभे राहू नका. कुशीवर वळा, गुडघे दुमडा, पाय खाटेखाली सोडा, खालच्या कोपरावर आणि वरच्या तळहातावर जोर देऊन बसते व्हा. दोन मिनिटं तसेच बसा, मग उभे राहा. रक्तदाब सावरायला वेळ मिळतो आणि उसण भरलेली कंबरही चमकत नाही.

प्रश्न: सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत. पाठ दुखते म्हणून माझ्या नवऱ्याला दिलेल्या गोळ्यांतल्या चार उरल्या होत्या, त्या देऊ का? (पंचवटी)

उत्तर: देऊ नका. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या ‘बिअर्स’ निकषांत ६५ च्या पुढच्या लोकांना मेथोकार्बामॉल, क्लोरझॉक्साझोन, सायक्लोबेंझाप्रिन अशी औषधं टाळावीत असं स्पष्ट म्हटलं आहे. त्यांनी गुंगी येते, बोलण्या-समजण्यात गोंधळ होतो आणि माणूस पडतो. या वयात रात्री बाथरूमच्या उंबऱ्यावर पाय अडकून खुब्याचं हाड मोडलं तर पाठदुखी परवडली असं होतं. टिझॅनिडिन त्या यादीत नसलं तरी ते स्वतःच रक्तदाब उतरवतं. त्यावर रक्तदाबाच्या दोन गोळ्या असल्या तर उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. वेदनाशामकाचाही प्रश्न आहेच. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना ॲसिक्लोफिनॅक-डायक्लोफिनॅक दिलं तर मूत्रपिंडाला एकदम झटका बसू शकतो.

यकृत ठीक असेल तर पॅरासिटामॉल ५०० दिवसातून दोन-तीनदा, दुखऱ्या भागावर डायक्लोफिनॅकचं जेल, आणि शेक. जेल लावल्यावर लगेच त्यावर गरम पिशवी ठेवू नका, कातडी भाजते. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर पिशवी आधी तुमच्या मनगटावर लावून बघा आणि टॉवेलात गुंडाळून द्या. निफाडकडची थंडी कितीही कडाक्याची असली तरी शेगडी किंवा हीटिंग पॅड लावून त्यांना झोपू देऊ नका.

आणि एक पाहा. दुखणं अचानक सुरू झालं का? बादली उचलताना, शिंकताना, रिक्षा खड्ड्यातून आदळली तेव्हा? हाडं ठिसूळ झालेल्या बाईंना एवढ्यावर मणका दबतो. पाठीच्या मध्यभागी बोट ठेवलं की नेमकं दुखत असेल तर एक्स-रे काढल्याशिवाय कुठलीच गोळी नको.

प्रश्न: टिझॅनिडिनची गोळी चालू असताना जुलाब लागले तर मेडिकलमधून नेहमीची सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी घ्यावी का? (जेल रोड)

उत्तर: हा प्रश्न आणखी कोणी विचारला नव्हता, आणि सगळ्या पत्रांतला सर्वांत महत्त्वाचा हाच. टिझॅनिडिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन एकत्र घ्यायला मनाई आहे. यकृतातलं जे रसायन टिझॅनिडिन मोडतं, त्याचंच काम सिप्रोफ्लॉक्सासिन बंद पाडतं. मग नेहमीच्या एका गोळीने रक्तात सुमारे दहापट औषध फिरू लागतं. रक्तदाब कोसळतो, नाडी मंदावते, माणूस उठवून उठत नाही. जुलाबांनी अंगातलं पाणी आधीच गेलेलं असेल तर परिणाम आणखी वाईट. मनाच्या आजारावर दिलं जाणारं फ्लुव्हॉक्सामिन याबाबतीत त्याहूनही घातक आहे. त्याच्या जोडीने टिझॅनिडिन तीसपटीहून जास्त वाढतं.

जुलाबांच्या संयुक्त गोळ्यांतही सिप्रोफ्लॉक्सासिन असतं, म्हणून मागची बाजू वाचाच. साध्या जुलाबांना प्रतिजैविक बहुधा लागतच नाही, ओआरएस लागतं. एक लिटर स्वच्छ पाण्यात एक मोठं पाकीट, अर्ध्या पाकिटाला अर्धा लिटर असं ‘अंदाजाने’ नाही. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर डॉक्टरांकडे जा आणि टिझॅनिडिनची स्ट्रिप दाखवा.

झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल, प्रीगॅबालिन, सर्दीवरची गुंगी आणणारी गोळी यांपैकी काही चालू असेल तर तेही आधी सांगा. एकावर एक गुंगी चढली की श्वास मंदावतो. झोपेत घोरताना श्वास अडकणाऱ्यांना हा धोका जास्त. फिट येण्याचा इतिहास असेल तर थायोकोल्चिकोसाइड नको, त्याने फिट येऊ शकते.

प्रश्न: गोळीसोबत एक ग्लास वाइन चालेल का? नाशकात राहून हा प्रश्न पडतोच. (गंगापूर रोड)

उत्तर: नाही, एक ग्लाससुद्धा नाही. गोळ्यांचा कोर्स पाच-सात दिवसांचाच आहे. शेवटच्या गोळीनंतर पूर्ण एक दिवस जाऊ द्या, सायक्लोबेंझाप्रिन असेल तर चार दिवस.

प्रश्न: लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलतो. कंबर धरली की कमरेवर एक सुई घेतली की तासाभरात मोकळं वाटतं. हंगामात रोज घेतली तर काय बिघडतं?

उत्तर: सुईने दुखणं लवकर उतरतं, पण लचकलेला स्नायू त्यामुळे लवकर भरून येत नाही. दुखत नाही म्हणून तुम्ही त्याच कमरेवर पुन्हा पन्नास किलो घेता, आणि खरं नुकसान तिथे होतं. डायक्लोफिनॅकची सुई दोन दिवसांपेक्षा जास्त द्यायची नसते. थायोकोल्चिकोसाइडची सुई पाच दिवसांपेक्षा जास्त नाही. उन्हात घाम गाळत, पाणी कमी पीत रोज डायक्लोफिनॅक घेतलं तर मूत्रपिंड बसू शकतं, तेही काहीही न दुखता. सुईच्या जागी गळू होणं, मांडीतली नस दुखावून पाय लुळा पडणं हेही घडतं.

दोन दिवस गोणी नको. खाटेवर पडूनही राहू नका. दर तासाला सपाट जागेवर दहा मिनिटं चाला. पडून राहिलेली कंबर चालत्या कमरेपेक्षा उशिरा बरी होते. कामावर परतल्यावर पहिला आठवडा गोणी जमिनीवरून एकट्याने उचलू नका. दोघांनी मिळून आधी कमरेच्या उंचीच्या ओट्यावर घ्या आणि तिथून पाठीवर. गोणी पाठीवर असताना कमरेतून वळू नका, पावलं टाकत अख्खं अंग वळवा. दुखण्याच्या बहुतेक तक्रारी चार ते सहा आठवड्यांत निवळतात, मात्र याच काळात पुन्हा लचक भरण्याची भीतीही सर्वांत जास्त असते.

प्रश्न: गोळी सुरू केल्यापासून लघवीचा रंग बदलला आहे. (सिडको)

उत्तर: मेथोकार्बामॉलने लघवी तपकिरी, काळसर किंवा हिरवट होऊ शकते. क्लोरझॉक्साझोनने नारिंगी किंवा जांभळट लाल. हा नुसता रंग असतो, अपाय नाही. पण डोळे पिवळे दिसणं, मळमळ, जेवणावरची वासना उडणं, उजव्या बरगडीखाली दुखणं यातलं काही सोबत असेल तर गोळी त्याच क्षणी बंद करा आणि यकृताच्या तपासण्या करा. क्लोरझॉक्साझोनने क्वचित यकृताला गंभीर इजा होते. टिझॅनिडिननेही यकृत बिघडू शकतं.

प्रश्न: वडिलांना पक्षाघातानंतर बॅक्लोफेन चालू आहे. माझी पाठ दुखते तेव्हा त्यातली एक घेतली तर? (देवळाली कॅम्प)

उत्तर: बॅक्लोफेन मेंदू किंवा मज्जारज्जूच्या आजाराने हात-पाय ताठरतात त्यासाठी आहे, लचकलेल्या पाठीसाठी नाही. तुम्ही घेऊ नका. आणि त्याहून मोठी काळजी वडिलांची. त्यांची गोळी कधीही एकदम बंद पडता कामा नये. अचानक थांबवली तर भास होतात, ताप येतो, फिट येते. तुम्ही दोन घेतल्या आणि महिनाअखेरीस त्यांना दोन कमी पडल्या, असं होऊ देऊ नका. त्यांच्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी नवीन आणा. ती गोळी मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून त्यांचं क्रिएटिनिन वाढलं असेल तर मात्रा कमी करावी लागते. ते जास्त झोपू लागले किंवा बोलण्यात विसंगती आली तर हे आधी तपासून घ्या.

प्रश्न: रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. त्यावर हीच गोळी? (सातपूर)

उत्तर: नाही. गोळा आला की पायाचा चवडा आपल्याकडे ओढून धरा, अर्ध्या मिनिटात सुटतो. झोपण्यापूर्वी भिंतीला हात लावून, टाच जमिनीवर टेकवून पोटरी ताणा, प्रत्येक पायाला तीनदा. लघवी वाढवणारी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना हे सांगा.

प्रश्न: गोळी चालू ठेवून किती वाट पाहायची? लगेच रुग्णालयात कधी जायचं? (पंचवटी, नाशिकरोड आणि येवल्याहून आलेली तीन पत्रे)

उत्तर: चिठ्ठीवर शेवटची तारीख लिहून घ्या. ‘पाच दिवस’ असं नुसतं असेल तर पेन घेऊन तारीख तुम्ही टाका आणि स्ट्रिपवरही लिहा. तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर पुन्हा दाखवा, मात्रा आपल्या मनाने वाढवू नका. सात दिवसांनीही गोळीशिवाय झोप येत नसेल तर निदानच पुन्हा तपासायला हवं.

पुढच्या गोष्टींत मात्र तासही घालवू नका. दोन्ही पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा. बसताना जिथे टेकतो तो भाग, म्हणजे मांड्यांचा आतला भाग आणि गुदद्वाराभोवतीची जागा, सुन्न पडणं. लघवी अडकणं, किंवा न कळत लघवी-शौच होणं. यात मज्जारज्जूखालच्या नसांचा झुबका दबलेला असू शकतो. तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर लघवीवरचा ताबा कायमचा जातो. पाठदुखीसोबत थंडी वाजून ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, किंवा पडण्या-अपघातानंतरचं दुखणं असेल तर त्याच दिवशी दाखवा. डाव्या खांद्यात, पाठीत किंवा जबड्यात दुखून घाम फुटत असेल, छाती जड झाली असेल तर तो स्नायू नसून हृदय असण्याची शक्यता धरा. अशा वेळी कुठलीही गोळी घालून वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

प्रश्न: दीड वर्षाच्या मुलाने टेबलावरच्या स्ट्रिपमधली गोळी तोंडात घातली, लगेच काढून घेतली. पुन्हा झालं तर काय करायचं? (येवला)

उत्तर: तोंडात बोट फिरवून दिसणारा तुकडा काढा. ओकारी काढू नका, मीठ-पाणी पाजू नका, दूध पाजून ‘विष उतरण्याची’ वाट पाहू नका. गुंगी येणाऱ्या मुलाने ओकलं तर ते श्वासनलिकेत जातं. स्ट्रिप, उरलेल्या गोळ्या आणि साधारण किती वाजता खाल्ली हे घेऊन जवळच्या रुग्णालयात जा, मूल हसत-खेळत असलं तरी. टिझॅनिडिनसारख्या औषधाची एक गोळी लहान मुलाचा रक्तदाब आणि नाडी पाडू शकते, आणि परिणाम दिसायला तासाभराचा उशीर लागतो. कोर्स संपल्यावर उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका. स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत घट्ट बांधून घंटागाडीत द्या.